सकर्मक

आठवी ब. आचऱ्याची शाळा,
खिडकीतून सुकटीचा वास.
मी फळ्यावर लिहिलं: ओव्हरव्हेल्म.
गाइडात एकच अर्थ होता, 'पूर्णपणे पराभूत करणे.'
हेमांगी खवणेकरनं तो वहीत उतरवला, खाली रेघ मारली.

मी वाढवत गेले.
शत्रूला चारी मुंड्या चीत करणे.
बक्षीस घेताना माइकपुढे शब्द न फुटणे.
पाण्यानं घर गिळणे.
"एकाच शब्दाचे, बाई?"
एकाच.
आपल्याकडे भांडी वेगवेगळी,
नमवणे, जेरीस आणणे, भारावणे, गुदमरवणे.
त्यांनी सगळं एकाच टोपात शिजवलंय.

वाक्यात उपयोग करा, म्हटलं.
बहुतेकांनी क्रिकेट लिहिलं.
हेमांगीनं लिहिलं,
समुद्र ओव्हरव्हेल्म करतो.

मी लाल पेन उचललं.
सकर्मक आहे गं हे. कर्म कुठंय?
कोणाला?
दडपणाऱ्याला दडपायला कोणीतरी लागतंच,
नाहीतर त्याचं वाक्य उभं राहत नाही.

ती गप्प. नखानं बाक कोरत राहिली.
मागच्या बाकावरून तिचा चुलतभाऊ,
"काकाची होडी, बाई. गेल्या आयतवारी.
पर्ससीनवाल्यांच्या लायटी.
तेंका होडी दिसाकच नाय."

रात्री जाडा कोश काढला.
नोंदीच्या तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात,
जुना, वापरातून गेलेला अर्थ:
व्हेल्म, उपडे करणे.
भांडे. किंवा होडी.

वीस वर्षं शिकवतेय हा शब्द.

शनिवारी पिरावाडीला गेले.
होडी वाळूवर उपडीच होती,
खवणेकर तिच्या तळाला तेल चोळत होते,
कोपराला पट्टी.
याच तळावर पहाटेपर्यंत बसून होते म्हणे, पाण्यात, एकटे.
काय बोलावं सुचेना.
तेच म्हणाले,
"उपडी केल्याबिगर तळ दिसणा नाय, बाई."

मग हाका मारून माणसं जमवली.
उलटायला एक लाट पुरते,
सुलटी करायला सात जण.
सहाच होते.
हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं.
मी चपला काढल्या, पदर खोचला,
काठाला हात घातला.
लाकूड तेलानं निसटत होतं,
कोण कर्ता, कोण कर्म, काही कळेना,
नुसतं "होऽऽ" म्हणत
एकदम सगळ्यांनी—