बोलंना झालाय

वडगावहून, सायकलच्या कॅरिअरवर,
जुन्या इरकलीत गुंडाळून, सुतळीनं आवळून
कल्लाप्पा कामकर रेडिओ घेऊन आले.
"बोलंना झालाय," म्हणाले. मोठ्यानं,
पॉवरलूमच्या खोलीत सगळेच बोलतात तसं.

मागची पुठ्ठ्याची पाटी काढली.
आत कोळ्याचं घर आणि बडीशेपेचा एक दाणा.
वीज दिली. डायलचा दिवा लागला,
पाची व्हॉल्व्ह सावकाश नारिंगी झाले.
म्हणजे जीव आहे.
व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हर टेकवला:
घूं नाही, घर्र नाही.
व्होल्टेज मोजले, जिथल्या तिथं.
मग सेलच्या दोन तारा थेट स्पीकरला लावल्या
आणि स्पीकर म्हणाला, टक्.
दारावर कुणी एकदाच बोट वाजवावं तसा.

राहिली मधली वीतभर तार.

ती तुटली नव्हती. कापली होती,
एका घावात, सुताच्या कात्रीनं.
आणि दोन्ही टोकांवर वेगवेगळी
लाल रेशमाची घट्ट गुंडाळी,
एकमेकींना चिकटू नयेत,
रेडिओचं काही वाईट होऊ नये म्हणून.
शेवटी ती बारकी गाठ,
वडगावात बाया डोळे मिटून मारतात ती.

मी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"
कल्लाप्पा म्हणाले, "सत्तर साली घेतलेला."

रेशीम सोडवलं, तार खरवडली, डाग दिला.
व्हॉल्यूम शेवटाला होता.
समोरच्या पानपट्टीतला बसू दचकून
कातरलेली सुपारी सांडून बसला.
कल्लाप्पांनी कान नेला नाही जवळ.
तळवा ठेवला वरच्या लाकडावर,
जिथलं पॉलिश तळव्याएवढंच उडालंय.
थांबले.
"आला," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सांगली."
धारवाड होतं. मिरचीचा भाव चालला होता, कन्नडात.
मी मान हलवली.

आठवड्यानं त्यांच्या घरच्या आल्या, सरस्वताक्का.
बोटांना रंग, पदराला सुताचे धागे.
मी तारेचं काढलं नाही,
रेशीम ड्रॉवरमध्ये होतं, तेही नाही.
त्याच म्हणाल्या, रस्त्याकडं बघत,
"आवाज तेवढा कमी यावा
आणि थरथर हाय तशीच राहावी,
असलं काय बसवून मिळतंय काय?"

बघतो म्हणालो.
अजून बघतोय.