उद्यमबागेत, स्टॉल टेस्ट

चाकांना पुढंमागं ओंडके लावून
भरमा मुचंडीकर म्हणाला,
डावा पाय ब्रेकवर, सगळा जीव घालून.
उजवा पूर्ण खाली.
बस म्हटलं की सोडा. पाच सेकंदांच्या वर नाही ओ,
तेल करपतंय.

गाडी मडगावहून सेकंडहँड आणलेली, ऑटोमॅटिक.
हायवेवर हत्तरगीपर्यंत कुणाला दाद देत नाही.
पण चोर्ल्याच्या चढाला ट्रकमागं थांबून
पुन्हा निघायचं म्हटलं
की दमेकऱ्यासारखी पावलं मोजते.

गिअर डीवर. इंजिन ओरडतंय,
चाकं जागची हलत नाहीत.
डॅशबोर्डवर माझ्या रबरी शिक्क्यांचा डबा
थरथरत काठाशी येतो.
काटा चढतो, सोळाशे, सतराशे,
आणि तिथंच बसतो.

बस.

बावीसशे पाहिजे होते, म्हणाला,
आणि फळीवरून एक कापलेला जुना कन्व्हर्टर काढला,
परातीएवढा, काळ्या तेलाचा वास येणारा.
दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा.
दुसरा फिरतोय की नाही? फिरतोय की.
वाऱ्याच्या जागी तेल, एवढंच.
लोखंड लोखंडाला कुठंच धरून नाही.
दुसरा तुम्ही ब्रेकनं दाबून धरला,
तर पहिला किती फिरू शकतोय,
तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड.
जास्त आला तर क्लच घसरतायत.
कमी आला तर इंजिन म्हातारं,
नाहीतर मधला गेला.
इंजिन तुमचं बघितलं मी. ठणठणीत हाय.

मधला?

त्यानं बोट आत घालून
दोन पंख्यांमधलं बारकं चक्र फिरवलं.
तिकडं आपटून तेल उलटं येतंय.
तसंच येऊ दिलं तर आपल्याच पंख्याला मारतंय.
हा मधे अडून त्याचं तोंड फिरवतो.
तेच तेल, पण मग ढकलायला लागतंय.
चढाला एकाचं दोन करून देतो हा.

आणि सपाटीला?

सपाटीला सोडून देतो. सगळ्यांबरोबर फिरतो.
तुमचा अडायचंच विसरलाय.

मग तो मागं वळून ओरडला,
ईराप्पा, जॅक तगोंड बा,
आणि मी शिक्क्यांचा डबा उचलून घेतला.

खानापुरात, तालुका कचेरीच्या फाटकाशी,
बावीस वर्षं माझं टेबल आहे.
कन्नड नोटीस वाचायची, मराठीत सांगायची.
मराठीतली शिवी ऐकायची, कन्नडात लिहायचं,
अर्जदाराची नम्र विनंती की.
ह्याला कुणी खोटं म्हणालं तर म्हणो.
मागच्या महिन्यात गुंजीची यल्लूबाई आली,
चार गुंठ्यांचं काम.
खिडकीतला माणूस जे बोलला
ते मी जसंच्या तसं तिला दिलं.
ती जे बोलली तेही तसंच आत.
थकले होते. पाठ दुखत होती.
काही कारण नव्हतं.
फाईल अजून त्याच टेबलावर आहे.

किती दिवस लागतील?
गिअरबॉक्स खाली उतरवायला दोन. मग बघू.
दुरुस्त होतो का तो मधला?
होत नाही ओ, भरमा म्हणाला, कापडाला हात पुसत,
अख्खा बदलायचा.

बाहेर स्टॉपवर फाउंड्रीची पहिली पाळी सुटलेली.
बस आली तशी एका म्हाताऱ्यानं
माझ्या कोपराला हात लावला,
बाई, पाटीवर काय लिवलंय ओ?
नंदगड, मी म्हटलं. खानापूरवरून जाते. चढा.
आणि मी चढायला गेले तर
डावी पोटरी अजून
ब्रेक धरल्यासारखी थरथरत होती.