ठसा

बखरीत तो सात शिडांच्या गलबतातून येतो,
समुद्राला तलवार दाखवतो, समुद्र हटतो.
बखरकार जन्मला राजाच्या मागून पाचशे वर्षांनी,
तरी त्याला तलवारीची मूठ आठवते. पाचूची होती.

दशावतारात पुनाजी गवस अनंगराय होतो.
पहाटे तीनला, ट्यूबलाइटखाली, पायांत नायलॉनचे मोजे:
"माझी आण ओहोटीलासुद्धा आहे!"
संहिता नसते. हे वाक्य कुठलं, विचारलं तर
गालावरची लाली खोबरेलाने पुसत म्हणाला,
"येता तोंडाक."

जात्यावरची एक ओवीही होती म्हणे.
येणारी एकच म्हातारी उरलेली, डोंगरपलीकडे.
तिसऱ्या ओळीपाशी तिला खोकला आला.
पुढल्या महिन्यात गेले तर
दारात चपला फार होत्या.

राहता राहिला दगड.
आचऱ्याच्या अलीकडे, तरीवाड्यात, खाडीच्या पायरीला लागून.
वर चंद्र-सूर्य. मधे अक्षरं. खाली गाढव
आणि ती शिवी,
जी वहीत मी नुसती "शापवचन" म्हणून उतरवते.

ओला कागद चिकटवला, कुंचल्याने ठोकला,
काजळी फिरवली. वारा पडायची वाट बघितली.
उन्हात काळ्यावर पांढरं उमटत गेलं:
स्वस्ति.
शके, आणि शतकाचा आकडाच नाही.
महा
महाराज? महामंडलेश्वर? नुसताच महादेव?
पुढे गुळगुळीत. चार बोटं गुळगुळीत.
मग एकदम स्पष्ट, कालच कोरल्यासारखं:
आगर. माड चाळीस. विहिरीचं अर्धं पाणी.
जोवर चंद्र, जोवर सूर्य.

जयवंती कुबल बालदी घेऊन खोळंबलेली.
"झाला काय तुमचा? ह्या धोंड्यार मी
चाळीस वर्सां कापडां आपटतंय.
माझ्या आदी सासू आपटी."
मी गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं, इथे राजाचं नाव होतं.
ती वाकून बघत राहिली. मग हसली.
"मगे तुमचो राजा माझ्याच साबणात इरगाळलो म्हणा."
आणि जरा थांबून, हळूच:
"गाढवार मात्र कधी पाणी सुदीक नाय ओतूक.
ता बरा नसता."

रात्री लॉजवर कार्डं मांडली.
बखर, नाटक, अडीच ओळींची ओवी: राजा भरपूर.
दगड: राजा नाही.
सर फोनवर म्हणाले, नाव मिळत नसेल तर
लेख कशावर लिहिणार?

सकाळी आगरात शिरले, कुणाला न विचारता.
माड काही इतकं जगत नाही, ठाऊक आहे.
हे त्या माडांच्या पणतूंचे पणतू,
तेही असले तर.
तरी मोजले. एकोणचाळीस,
आणि एक खुंट, गेल्या वादळातला,
त्यावर कुणाची तरी लुंगी वाळत घातलेली.

विहीर आहे.
अर्धं पाणी कुणाचं, यावर कुबल आणि शेजारचे मुकादम
कोर्टात आहेत.