पाचवीची रात्र, सांगली सिव्हिल

आडवी झाले की बुडते, म्हणाली.
विहिरीत नाही, नदीत नाही,
सपाट गादीवर.
म्हणून पलंगाचं डोकं वर केलंय,
पाठीशी तीन उशा, चौथी माझ्या ड्युटीरूममधली.

कस्तुरी बिरादार, वय बावीस, उमदीच्या पुढचं गाव.
बाळंतपण सुखरूप, असं कागदावर आहे.
दुसऱ्या दिवशी पाय सुजले, रात्रभर खोकला.
बाळंतिणीला व्हतंयच की, म्हणता म्हणता
तिसरा दिवस गेला.

जोडवी निघेनात.
साबण लावला, दोरा गुंडाळला, शेवटी कापलीच.
सासूनं तुकडे पदराच्या गाठीत बांधले,
कुणाला काही बोलली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय पंचवीस टक्के चालतंय.
मल्लव्वा माझ्या मागं मागं औषधांच्या कपाटापर्यंत आली,
"सिस्टर, पास व्हायला पस्तीस लागतात न्हवं?"
इथं पास-नापास नसतं, मावशी.
खोटं बोलले.

डब्यात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर,
थर्मासभर शेपा घालून उकळलेलं पाणी.
एसटीनं चार तास मांडीवर धरून आणलेलं.
मी झाकण लावून परत दिलं.
दिवसाला दीड लिटर, घोटाघोटानं, मापानं.
भातात मीठ नाही.
माझ्या आईला असं कुणी केलं असतं
तर मीही त्या सिस्टरकडे असंच बघितलं असतं.

दूध आटवायच्या गोळ्या सुरू आहेत. छाती दगड झालीय.
बाळ वाटी-चमच्यावर.
ते रडलं की मॉनिटरवरचा आकडा एकशे तीस,
आणि ती भिंतीकडे बघते.
लांब न्यायला हवं खरं तर.
मी तिच्या मांडीवर उशी ठेवते, उशीवर बाळ.
तिनं नुसता हात ठेवायचा.
आकडा हळूहळू एकशे अठरा.
चार्टात हे लिहायला रकाना नाही.

आज पाचवी.
मल्लव्वानं सलाईनच्या रिकाम्या खोक्यावर
सुपारी मांडली, हळकुंड, कोरा कागद, पेन.
दिवा मी लावू दिला नाही, ऑक्सिजन सुरू होता.
तिनं मोबाइलची बॅटरी लावून उभी केली.
सटवाईला काय, उजेड चालतो कुठलाही.

दोन वाजता माझं पेन संपलं.
वाकले, तिथलंच उचललं आणि लिहिलं:
लघवी तीनशे मिली, श्वास सव्वीस.
वळून बघते तर मल्लव्वा जागी.
"काय लिवलं?"
तीनशे.
"चांगलं हाय?"
चांगलं आहे.
हे मात्र खरं होतं.

पुढचं मूल नको, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.
ते मलाच सांगावं लागेल,
नवरा आला की, चहा झाल्यावर.

सकाळी काट्यावर सातशे ग्रॅम कमी.
वजन घटलं की हसणारी माणसं आम्ही.
मल्लव्वानं कोरा कागद घडी घालून चोळीत ठेवला,
सुपारी पिशवीत.
पेन माझ्यापुढं धरलं.
ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, म्हणाली.