पन्ह्यात मीठ किती

दिवसभर मी समुद्रातून मीठ काढतो.
सोहारच्या कारखान्यात, तीन नंबरच्या पंपावर
पाणी पडद्यांतून रेटतो, आकडा बघतो,
आकडा खाली आला की वहीत सही.
आणि खोलीवर आल्यावर
पहिलं काम काय, तर पातेल्यात मीठ टाकणं.
परकार हसतो. म्हणतो, पगार फुकट तुझा.

कैऱ्या खल्फानच्या.
त्याच्या बागेची भिंत आमच्या गल्लीला लागून.
मे महिन्यात वारा सुटला
की फांद्या आमच्या बाजूला फळं टाकतात.
परत द्यायला गेलो तर म्हातारा हात हलवतो :
पडलं ते ज्याला सापडलं त्याचं.
पहिल्यांदा त्यानं फळाचं नाव सांगितलं तेव्हा
मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात?
अंबा, तो म्हणाला. अंबा.
मला वाटलं, माझ्याखातर म्हणतोय, पाहुण्याच्या भाषेत.
नाही. त्याचा आजाही हेच म्हणायचा.
कुठल्या गलबतातून उतरला असेल हा शब्द,
कोणत्या खलाशाच्या तोंडून,
आणि राहिलाच इथं.
त्याला कुणी व्हिसा विचारला नाही.

कैऱ्या उकडू नयेत, असं माझं मत.
थेट जाळावर धरायच्या, साल काळी पडेस्तोवर,
मग गार पाण्यात, आणि गर हातानं काढायचा.
मिक्सरचं पन्हं गुळगुळीत होतं,
दाताला काही लागतच नाही.
जिरं भाजून, चार मिरे, वेलदोडा सालासकट.
गूळ संपला होता. परकार म्हणाला, दिब्स घाल,
खजुराची काकवीच ती.
घातली. पन्हं काढ्यासारखं दिसायला लागलं.

तसं सुरूही काढा म्हणूनच झालं होतं.
उन्हाळ्यात परकारच्या पोटऱ्यांत गोळे यायचे,
रात्री दोनला तो भिंतीला हात टेकून उभा,
अंधारात, आवाज न करता,
म्हणजे मी उठू नये.
डॉक्टरनं पुड्या दिल्या, संत्र्याच्या वासाच्या.
पन्ह्यानं गोळे गेले असं मी म्हणणार नाही.
पुड्या तो अजून घेतो.
पण चार वाजता फ्रिजचं दार वाजलं
की उठतो, पेला धुतो,
माझाही धुतो.
हे आधी होत नव्हतं.
आधी आम्ही एका खोलीत, दोन फोनांत राहायचो.

एक बरणी भिंतीपलीकडे दिली.
आठ दिवस काही नाही. मला वाटलं, आवडलं नसणार,
नाहीतर बरणी आवडली.
नवव्या दिवशी दारात : तीच बरणी, घासलेली,
आत काळे सुके गोळे, अक्रोडाएवढे,
हलवले की खुळखुळणारे.
नासलं काहीतरी, म्हणून निघालोच होतो कचऱ्याकडे,
परकारनं मनगट धरलं.
लूमी आहे, वेड्या.
खारट पाण्यात उकळून उन्हात टाकलेलं लिंबू.
मीठ आणि ऊन,
ज्या दोघांशी आमची रोज झटापट,
त्यांनाच कुणीतरी कामाला लावलेलं.

एक फोडलं. वास धुराचा,
लिंबाचा, आणि बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या ट्रंकेचा.
अर्धं कुटून नव्या पन्ह्यात टाकलं.
कडू झालं. बिया काढायच्या असतात, हे नंतर कळलं.
तरी प्यालो दोघंही, तोंडं वाकडी करत,
आणि दुसरा पेलाही भरला.

मीठ किती घातलंस, परकारनं विचारलं.
दिवसभर मीटर माझ्या हातात असतो,
दशांश चिन्हापुढचंही सांगू शकतो मी.
इथं नुसती जीभ,
आणि जीभ दर दिवशी वेगळं बोलते.
म्हणालो, मीठ बरोबर आहे.
एक कैरी कमी पडली.

मग दिवा मालवला,
आणि भिंतीच्या बाजूची खिडकी
बोटभर उघडी ठेवली,
वारा सुटलाच तर ऐकू यावं म्हणून.