अठ्ठेचाळीस

आप्पा म्हणायचे, एकदा जिग चढवला
की पाचशेच्या आत उतरवायचा नाही.
उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
हा आकडा भिंतीवरल्या घड्याळासारखा होता,
कुणी लावला, कुणी विचारलं नाही.

मार्चात पाचशेच्या पाचशे ब्रॅकेट परत आले.
भोक केसभर सरकलेलं,
पहिल्याच नगापासून.
पण पहिला नग ढिगाच्या तळाशी,
आणि ढीग आठवड्याचा.
पारिसा मगदूमनं गेज पुसला, घातला,
पुन्हा पुसला. बोलला काही नाही.

मी वहीत लिहिलं: एक.
एक करायचा, तपासायचा, पुढं द्यायचा.
दस्तगीर सेटर हसला,
"जिग बदलाय पावणेदोन तास, नगाला चार मिनिटं.
एकेक करत बसलो तर
दिवाळीपातुर नुसतं बोल्टच आवळीन मी."

त्या रात्री गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
समोर म्हैस, पेला, पेल्यावर फेस.
बघ, म्हटलं, एकाच पेल्याची बॅच.
शिळं काही नाही, साठलेलं काही नाही.
तो मिशीवरचा फेस पुसत म्हणाला,
"आन् पान्हा? दर पेल्याला सोडती व्हय म्हस?
एकदा सोडला की धा-बारा पेलं निघत्यात,
तेवढं गिऱ्हाईक हुभं पायजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पान्हा मोजला.
स्टॉपवॉच पारिसाच्या हातात.
पाना शोधण्यात अकरा मिनिटं,
शिम शोधण्यात नऊ,
शेजारच्या शेडमधून चेनपुली मागून आणण्यात वीस.
मग बोल्ट एका मापाचे केले,
पिना कायमच्या ठोकल्या,
पाने भिंतीवर, ज्याच्या त्याच्या रंगवलेल्या सावलीत.
सव्वीस मिनिटं.
त्याखाली उतरत नाही, अजून तरी.

गणितानं एकतीस दिला.
पण क्रेटमध्ये चोवीस बसतात,
शिरोलीचा टेम्पो दिवसातून दोनदाच येतो,
आणि फौंड्रीवाला लेडल रिकामं होईतो ओतणारच,
त्याला एकतीस सांगून काय उपयोग?
दोन क्रेट. अठ्ठेचाळीस.

परवा आप्पा आले.
जिथं ढीग असायचा तिथं उभे राहिले,
पायताणाच्या टोकानं मोकळी फरशी चाचपत.
"काम कमी झालंय का रं?"
नाही म्हटलं.
तेवढ्यात पारिसानं मशीन थांबवलं,
भोक सरकलं होतं, पुन्हा केसभर.
"किती गेले?"
"नऊ."

ते नऊ त्यांनी स्वतः मोजले,
दोनदा,
आणि अजून कुठं ठेवलेत का
म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं.