दाखल क्रमांक ४३१७

सावद्याच्या वाचनालयात मी नोंदी लिहिते, बारा वर्षं झाली.
या पुस्तकाची शिवण दोनदा उसवली,
कव्हरवरची बाई आता अर्धीच उरली आहे:
एक डोळा, थोडे केस, मागे दरीतलं धुकं.

गोष्ट गावात सगळ्यांना माहीत.
घाटात गाडी पडते, ती शुद्धीवर येते ती कोरी,
आणि उशाशी बसलेला देखणा माणूस म्हणतो,
मी तुझा नवरा.
खरं की खोटं, दोनशे चाळीस पानं कळत नाही.

परत करताना लोक टेबलाशी रेंगाळतात.
मी विचारत नाही. तेच सांगतात.

रेहाना तडवी, ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर:
डोक्याला एवढा मार आणि टाके चारच?
उलटी नाही, लघवीची पिशवी नाही,
लेखकानं एक रात्र वॉर्डात काढायला हवी होती.
पण चुंबनाचं पान तिनं दुमडलं होतं.
मी ते सरळ केलं.

केळीच्या गाड्या भरून देणारे टोपलूभाऊ फिरके
पुस्तक शेवटून वाचतात.
"गाडी कुठं खाली व्हनार ते आधी कळलं पाह्यजे,
मंग भाडं ठरवता येते."
त्यांच्या मते नवरा खराच,
फक्त बिल्टी हरवलेली.

हर्षाली बी.एस्सी.ला आहे. तिला राग आला होता.
तो सांगत सुटतो, तू कोण होतीस, काय खायचीस, कशी हसायचीस.
एकदा तरी विचारायचं ना, आता काय खाशील?

इंदूबाई भारंबे चष्मा पुसत म्हणाल्या,
"मले तं वाटते, तिले समदं याद व्हतं.
येवढी इचारपूस करनारा मानूस भेटला
तं कोन सांगीन, का मले आठवते?"
आणि भरताची वांगी उचलून चालू लागल्या.
त्या दिवशी माझ्या नोंदीत दोन चुका झाल्या.

आणि धांडे सर.
भूगोल शिकवायचे. तापीच्या उपनद्या आम्हाला
त्यांच्याच आवाजात पाठ आहेत अजून.
सर हे पुस्तक पाचव्यांदा नेत आहेत.
दर वेळी मलपृष्ठ उभ्याउभ्या वाचतात,
म्हणतात, "नवीन आलेलं दिसतं."
मी शिक्का मारते,
आधीच्या चार तारखांवर अंगठा ठेवून.

पहिल्या खेपेला त्यांचा संशय डॉक्टरवर होता.
दुसऱ्या खेपेला बहिणीवर.
तिसऱ्यांदा म्हणाले, लेखक थापा मारतो,
त्या खडकात एवढी खोल दरी पडतच नाही.
चौथ्यांदा काही बोलले नाहीत.
रिकामी पिशवी टेबलावर ठेवून उभे राहिले,
पुस्तक मागून कुमुदिनीबाईंनी आणलं.

बाजाराच्या दिवशी बाई एकट्या येतात,
कूलरसमोरच्या बाकावर बसतात,
पर्समधून नातवाचा खोडरबर काढतात.
पान सत्त्याऐंशी, समासात सरांचं पेन्सिलीचं अक्षर:
हाच तो!
कागद फाटू नये म्हणून हलक्या हातानं, बराच वेळ.
"त्यांचं त्यांना सापडायला पाहिजे ना," म्हणाल्या.

मी न राहवून विचारलं, तुम्हाला कसं वाटलं पुस्तक?
"मी कुठं वाचलंय?
ते सांगतात रात्री जेवताना.
पण दर वेळी मधेच कुठून तरी पहिल्यापासून सुरू करतात,
शेवट अजून आला नाही."
मग रबराचा चुरा तळहातावर गोळा करत,
"परवा मला विचारलं, बाई, तुमचं लग्न झालंय?
आणि बाई, लाजले हो."

संध्याकाळी बांधणीवाल्याला द्यायची यादी केली.
४३१७ लिहिलं, मग खोडलं.
भुसावळला गेलं की महिना महिना परत येत नाही.
सेलोटेप आणून ठेवली आहे.